विनोदी नट कै. राजा गोसावी : चरित्र आणि बोध

आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर या पृष्ठांवर साधुसंत, वीरपुरुष व समाजसुधारक यांची चरित्रे येत गेली आणि ती तशी येणे योग्यच होते. यंदा संपादक मंडळींनी हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही एका विनोदी नटाचे नाव सुचविले. त्यावर काही वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावल्या. लोकांस हसविणारा मनुष्य तो काय शिकविणार, अशी त्यांची शंका. परंतु कै. राजा गोसावी यांचे आयुष्य जाणून घेतल्यावर ही शंका राहणार नाही, अशी आमची खात्री आहे. ते कोणत्या ज्ञातीत जन्मले हे पाहून आम्ही त्यांची निवड केलेली नाही. त्यांनी हातांनी काय काय कामे केली आणि ती कोणत्या वृत्तीने केली, हे पाहून केली आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या कुटुंबांस या घटकेस ज्या गोष्टीची निकड आहे, ती या चरित्रात सापडते.

राजा गोसावी यांचे मूळ नाव राजाराम. त्यांचा जन्म २८ मार्च १९२५ रोजी सातारा जिल्ह्यातील सिद्धेश्वर कुरोली या गावी झाला. हे गाव खटाव तालुक्यात मोडते. खटाव व माण हा टापू पूर्वीपासून अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि म्हणून तरुण मुलांनी पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावयाची, हा तेथील शिरस्ता. आपणां मराठवाड्यातील लोकांस ही परिस्थिती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरची श्रीमंती नाही, कोणाचा वशिला नाही, रूपही नायकाला शोभावे असे राजबिंडे नाही, अशा स्थितीत हा मुलगा चित्रपटाच्या मोहमयी जगाकडे ओढला गेला.

त्या काळी मराठी चित्रपटसृष्टीत मास्टर विनायक हे नाव मोठे होते. उत्तम नट, कुशल दिग्दर्शक आणि विनोदाची उच्च जाण असलेला हा कलावंत. त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली होती. पितृछत्र हरपल्यावर कुटुंबाचा भार शिरावर घेतलेल्या लहानग्या लता मंगेशकर यांनीही याच संस्थेत छोटी छोटी कामे केली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. राजा गोसावी याच संस्थेत दाखल झाले. मात्र नट म्हणून नव्हे. ते तेथे ऑफिसबॉय, म्हणजे साध्या मराठीत कचेरीतला पोऱ्या म्हणून लागले. निरोप पोहोचविणे, चहापाणी पाहणे, सांगितलेली वस्तू हजर करणे, ही त्यांची कामे.

येथे त्यांच्या स्वभावातील पहिला गुण दिसून येतो. आपण नट व्हावयास आलो आणि आपणांस कपबश्या उचलाव्या लागतात, म्हणून कुढत बसणारे पुष्कळ असतात. राजा गोसावी यांनी तसे केले नाही. कचेरीतून ते सुतारखात्यात गेले, रंगभूषेच्या खात्यात राबले, दिव्यांच्या खात्यातही त्यांनी काम केले. चित्रपटातील घर लाकडी फळ्यांचे व कापडाचे कसे उभे राहते, चेहऱ्यावर रंग किती चढवावा म्हणजे तो पडद्यावर नैसर्गिक दिसतो, दिव्याच्या झोतात कोठे उभे राहावे आणि कोठे उभे राहिल्यास सावली पडते, हे सारे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळाले नाही. ते त्यांच्या हातांना मिळाले. त्यानंतर गर्दीतला एक माणूस म्हणून, ज्यास त्या धंद्यात एक्स्ट्रा म्हणतात तशा, बिननावाच्या भूमिका त्यांच्या वाट्यास येऊ लागल्या.

विनोदी अभिनयाचे खरे शिक्षण त्यांना दामुअण्णा मालवणकर यांच्या सहवासात लाभले. दामुअण्णा हे त्या पिढीचे नामांकित विनोदी नट. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पडद्यावर प्रथम त्यांनीच साकार केला. मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' या १९४० सालच्या चित्रपटात दामुअण्णा चिमणराव झाले होते व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते. पुढे कितीतरी वर्षांनी हाच चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आला आणि नव्या पिढीने त्याला डोक्यावर घेतले, हे आमच्या वयाच्या मंडळींस स्मरत असेल. अशा या दामुअण्णांची प्रभाकर नाट्य मंदिर ही नाटक मंडळी होती. त्या मंडळीत राजा गोसावी यांना गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकात लहानशी भूमिका मिळाली आणि त्यांचे पाऊल रंगभूमीवर पडले. प्रेक्षक केव्हा हसतो, हसत असता नटाने किती थांबावे आणि पुढचे वाक्य नेमके कोणत्या क्षणी टाकावे, हे रंगभूमीवाचून अन्यत्र शिकावयास मिळत नाही. उशिरा बोलले तर हशा विरून जातो व घाईने बोलले तर वाक्य हशात बुडून जाते. हा क्षणाचा हिशेब राजा गोसावी यांनी पक्का आत्मसात केला.

तथापि कला आत्मसात झाली म्हणजे भाकरी मिळतेच असे नाही. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होऊन अवघे चार दिवस झाले असता, मास्टर विनायक अकाली निवर्तले. ज्या वृक्षाच्या छायेत पुष्कळ लहानमोठे कलावंत वाढत होते तो वृक्षच कोसळला. राजा गोसावी तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे पुण्यात असता चरितार्थासाठी त्यांनी भानुविलास या चित्रपटगृहात बुकिंग क्लार्कची, म्हणजे तिकिटे विकणाऱ्या कारकुनाची नोकरी धरली. खिडकीच्या आत बसावे, हात आत येईल तो पाहून पैसे मोजून घ्यावेत, तिकीट फाडून द्यावे आणि दिवसाचा हिशेब चुकता करावा, असे ते काम. नट होऊ पाहणाऱ्या तरुणास दुसऱ्यांच्या चित्रपटांची तिकिटे विकण्याचे काम मनास किती लागत असेल, याची कल्पना कोणासही करता येईल. परंतु ते काम त्यांनी सोडले नाही आणि त्याचबरोबर नट होण्याची उमेदही सोडली नाही.

१९५२ साली त्यांचे दैव फळास आले. दिग्दर्शक राजा परांजपे यांनी 'लाखाची गोष्ट' हा चित्रपट काढला. गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत सुधीर फडके यांचे. रेखा व चित्रा या दोघी भगिनी याच चित्रपटातून नायिका म्हणून पुढे आल्या. दोन कंगाल कलावंत मित्र, त्यांच्यापुढे टाकलेला एक चमत्कारिक पैजेचा विडा, आणि तो विडा म्हणजे ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखविणे, अशी त्याची मौजेची कथा. ज्यांच्या खिशात चहाचे पैसे नाहीत त्यांना पैसा संपविणे जड जाते, ही कल्पनाच हास्याचा मळा फुलविणारी आहे. या दोन मित्रांपैकी एक झाले स्वतः राजा परांजपे, आणि दुसरे झाले राजा गोसावी.

आता जी हकीकत आम्ही सांगणार आहोत ती मराठी चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 'लाखाची गोष्ट' पुण्यात भानुविलासला लागला. त्याच चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीत बसून राजा गोसावी स्वतः नायक असलेल्या चित्रपटाची तिकिटे विकत होते. आत पडद्यावर ज्याला पाहून लोक पोट धरधरून हसत, तोच मनुष्य बाहेर खिडकीत बसून सुटे पैसे परत करीत असे. ज्ञातिबांधवहो, या प्रसंगावर आपण क्षणभर थांबून विचार करावा, अशी आमची विनंती आहे. पडद्यावर नाव झळकताच नोकरीस लाथ मारून बाहेर पडणे सोपे होते. लोक ओळखतील म्हणून लाजेने तोंड लपविणे त्याहूनही सोपे होते. या गृहस्थाने दोन्ही केले नाही. आज लोक टाळ्या वाजवितात म्हणून उद्याची चूल पेटेलच असे नव्हे, हे ज्याने पोऱ्या म्हणून कामे करून पाहिले आहे त्याला कळते. आणि प्रामाणिक कष्टाने मिळविलेल्या पैशाची लाज कशाची, हेही त्यालाच कळते.

'लाखाची गोष्ट' अतिशय लोकप्रिय झाला आणि राजा गोसावी हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. त्यानंतर 'गंगेत घोडं न्हालं', 'गाठ पडली ठकाठका', 'अवघाची संसार' अशा एकामागून एक चित्रपटांत त्यांनी कामे केली. शरद तळवलकर या दुसऱ्या थोर विनोदी नटाबरोबर तर त्यांची अशी जोडी जमली, की दोघे समोरासमोर उभे राहिले म्हणजे प्रेक्षक आधीच सावरून बसत. त्यांच्या विनोदाचा प्रकार कसा होता, हे ज्या तरुणांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. चेहरा निरागस, बोलणे चपळ, अंगकाठी साधी, आणि मनुष्य सदा कोणत्या ना कोणत्या घोटाळ्यात सापडलेला. तो लबाडी करावयास जाई व स्वतःच अडकून पडे. परंतु ती लबाडी पोटासाठी किंवा प्रेमासाठी असे, कोणाचे वाटोळे करण्यासाठी नसे. म्हणून प्रेक्षक त्याच्या फजितीला हसतानाही मनातून त्याच्याच बाजूचा असे. कोणाच्या व्यंगावर, कोणाच्या जातीवर वा कोणाच्या गरिबीवर बोट ठेवून हशा मिळविण्याची त्यांस कधी गरज भासली नाही. घरातील आजीपासून नातीपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे असा तो विनोद होता.

या विनोदाला त्या वेळची परिस्थितीही कारण होती. स्वातंत्र्य मिळाले, परंतु शहरात तरुणांना नोकरी मिळेना, राहावयास खोली मिळेना, खोली नाही म्हणून लग्न जमेना. सुशिक्षित परंतु रिकाम्या खिशाचा तरुण हा त्या दशकातील मराठी विनोदी चित्रपटांचा नायक बनला. आणि ती भूमिका करावयास ज्याने खरोखरच रिकामा खिसा पाहिला आहे असा नट लाभला. पडद्यावरील भुकेला त्यांनी हास्यास्पद केले, पण खोटे केले नाही.

आपल्या भागात या चित्रपटांचे आगमन कसे झाले, हे नव्या पिढीस सांगणे अगत्याचे आहे. 'लाखाची गोष्ट' निघाला त्या वर्षी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपून अवघी चार वर्षे झाली होती. निजामाच्या काळात सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी बोलण्याची व ऐकण्याची हौस लोकांनी कीर्तन, भारूड व जत्रेतील तमाशा यांवर भागविली होती. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झालो. पक्की चित्रपटगृहे मोठ्या गावांतच. खेड्यापाड्यांतील लोकांस तंबूतल्या सिनेमाचा आधार. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, जत्रा म्हटली की करमणुकीचे तंबू आलेच. आमच्या बालपणी पुण्यामुंबईत वर्षानुवर्षे चालून जुने झालेले, ठिकठिकाणी तुटलेले रीळ घेऊन असा तंबू गावात येत असे. दिवसा भोंग्यावरून पुकारा होई. अंधार पडला की पुरुष एका बाजूस व बायामाणसे दुसऱ्या बाजूस जमिनीवर बसत. शहरी खोलीभाड्याची अडचण आमच्या गावच्या शेतकऱ्यास कशी कळणार, असे कोणास वाटेल. पण पैसे नसताना पाहुण्यापुढे अब्रू सांभाळण्याची धडपड त्याला पुरती ठाऊक होती. त्यामुळे राजा गोसावी यांचा विनोद त्याला आपलाच वाटला. रीळ मध्येच तुटे, तेव्हा सारा तंबू चुळबुळ करीत वाट पाही, पण जागचे कोणी उठत नसे.

काळ पालटला. नायकाचे वय सरले, नवे नट आले, चित्रपटाची धाटणीही बदलली. पुष्कळ नट अशा वेळी कडवट होतात. राजा गोसावी यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या आणि रंगभूमीवर अधिक लक्ष घातले. आचार्य अत्रे यांचे 'लग्नाची बेडी' हे तर जुने गाजलेले नाटक. 'करायला गेलो एक' आणि वसंत सबनीस यांचे 'सौजन्याची ऐशी तैशी' या नाटकांनीही त्यांच्या अभिनयाच्या बळावर प्रेक्षकांची गर्दी खेचली. 'सौजन्याची ऐशी तैशी'मधील त्यांचा भांडखोर नाना बेरी ज्यांनी पाहिला ते आजही त्याची आठवण काढून हसतात. नाटकाचा दौरा म्हणजे एस.टी.ने वा मोटारीने रात्रीचा प्रवास, अवेळी जेवण, प्रत्येक गावी निराळे रंगमंदिर, आणि अंगात ताप असला तरी तिसरी घंटा झाली की हसतमुखाने प्रवेश. हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे दूरचित्रवाणी आपल्याही भागात पोहोचली. तेव्हा तंबूत पाहिलेले ते जुने चित्रपट घरच्या पडवीत बसून पाहण्याचा योग आला. ज्या मुलांच्या जन्माआधी ते चित्रपट निघाले होते ती मुलेही आपल्या आजोबांच्या शेजारी बसून त्याच जागी हसू लागली. विनोदाची याहून मोठी परीक्षा कोणती असू शकेल?

२८ फेब्रुवारी १९९८ रोजी राजा गोसावी यांचे देहावसान झाले. वयास त्र्याहत्तर वर्षे पूर्ण व्हावयास नेमका एक महिना उरला होता. त्यांच्या कन्या शमा देशपांडे यांनीही अभिनयाचे क्षेत्र निवडले. ज्या क्षेत्रात वडील पोऱ्या म्हणून शिरले त्या क्षेत्रात कन्येने अभिनेत्री म्हणून मानाने पाऊल टाकले, यात त्या कुटुंबाच्या कष्टांचे चीज झाले असे आम्हांस वाटते.

आता या चरित्रापासून घ्यावयाचा बोध. आम्ही तीन तपांहून अधिक काळ या दोन जिल्ह्यांत शिक्षकी केली आहे. लातूर पॅटर्नने आपल्या भागाचे नाव देशात झाले, नांदेडही त्या वाटेने पुढे आले, आणि आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली डॉक्टर व इंजिनिअर झाली, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एका यशस्वी मुलामागे जे अनेक मागे राहतात, त्यांचे काय होते हे आम्ही पाहिले आहे. शिकवणी वर्गासाठी बापाने रान गहाण टाकलेले असते. दोन वेळा परीक्षा देऊनही गुण कमी पडतात. मुलगा गावी परततो आणि घरात कोंडून घेतो. कोणी विचारले तर घरचे सांगतात की तो अजून अभ्यास करीत आहे. सरकारी भरतीची वाट पाहण्यात पाच-सात वर्षे निघून जातात. दरम्यान एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर, पेट्रोल पंपावर वा पार्सल पोहोचविण्याच्या कामावर तो लागला, तर आईबाप ते पाहुण्यांपासून लपवून ठेवतात. सोयरिकीच्या कागदावर तर त्या कामाचा उल्लेखही नसतो. मुलाला काम करण्याची लाज नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ती लाज आपण त्याला शिकवितो.

राजा गोसावी यांच्याप्रमाणे तिकीटखिडकीत बसणारा प्रत्येक जण नामांकित नट होईल, असे आमचे म्हणणे नाही. तसे सांगणे ही तरुणांची फसवणूक ठरेल. त्या खिडकीत त्यांच्याआधी व त्यांच्यानंतर बसलेल्यांची नावे कोणास ठाऊकही नाहीत. परंतु त्यांनीही संसार केला, मुले वाढविली व ताठ मानेने दिवस काढले. मुद्दा प्रसिद्धीचा नाही. मोठे काम मिळेपर्यंत हाती आलेले लहान काम निष्ठेने करणारा मनुष्य, मोठे काम मिळाले तरी चांगला राहतो आणि न मिळाले तरी चांगला राहतो. रिकामा बसलेला मनुष्य मात्र दोन्हीकडून जातो.

म्हणून आपल्या ज्ञातिसंघाच्या चालकांपुढे आम्ही नम्रपणे एक सूचना ठेवतो. वार्षिक मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा नारळ, शाल व मानचिन्ह देऊन सत्कार करतो. तो करावाच. पण त्याच व्यासपीठावर, त्याच रांगेत, परीक्षेत अपयश आले असता हाती पडेल ते काम धरून स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या तरुणतरुणींचाही सत्कार व्हावा. त्यांचे नाव पुकारताना ते काय काम करतात हेही मोठ्याने सांगितले जावे, आणि त्यांच्या आईबापांस पुढे बोलावून बसवावे. त्यायोगे घरात कोंडून बसलेला एखादा मुलगा जरी बाहेर पडला, तरी या स्मरणिकेच्या छपाईचा खर्च भरून निघाला असे आम्ही समजू.

थोरांची चरित्रे वाचून त्यांस नमस्कार करणे सोपे असते. राजा गोसावी यांस नमस्काराची अपेक्षा नव्हती, त्यांस लोकांच्या हास्याची अपेक्षा होती. यंदाच्या दिवाळीत घरातील सर्वांनी एकत्र बसून त्यांचा 'लाखाची गोष्ट' अवश्य पाहावा, मनमुराद हसावे, आणि हसून झाल्यावर मुलांना त्या तिकीटखिडकीची गोष्ट सांगावी, एवढेच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस सांगून आम्ही लेखणी खाली ठेवतो.